माझ्यात काही नाही, बिरूच्यात थोडं

आमच्या घरात साखरेचा आजार दोघांना झाला, मला आणि माझ्या पाठच्या भावाला. आधी मला झाला आणि माझाच जोराचा होता. आज हे लिहायला मी आहे, तो नाही. असं उलटं कसं झालं ते सांगावं म्हणून लिहायला बसले. ज्यांच्या घरात कोवळ्या वयाचं कुणी रोज सुई घेतं त्यांनी हे वाचावं. वैद्यकातलं मला फार कळत नाही. आमच्यावर जे गुदरलं तेवढंच मी सांगू शकते.

तहान

आमची वस्ती जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. पोटापाण्याला मेंढरं, आणि पावसानं मनावर घेतलं तर ज्वारी. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, तरी उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर यायचाच. तो विहिरीत पाणी ओतून जायचा आणि बायाबापड्या ते शेंदून काढायच्या. मी तेव्हा सांगलीला वसतिगृहात राहून शिक्षिकेचा कोर्स करत होते. आमच्या वस्तीवरून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आले आणि मला तहान लागायला लागली.

ही तहान साधी नव्हती. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवावा, तोवर घसा पुन्हा कोरडा. घरात पाणी मोजूनमापून वापरायचं, आणि त्यात एकटी मुलगी अर्धा हंडा संपवते. आई आधी चिडली.

"सकाळधरनं कितीदा उठलीस गं पान्याला? पोटात भोक पडलंया काय तुज्या?"

मला लाज वाटायची, म्हणून मी लपून प्यायला लागले. एकदा मेंढरांसाठी भरून ठेवलेल्या डोणीत तोंड घालून प्याले. बिरूनं, माझ्या भावानं, ते पाहिलं. तो सतरा वर्षांचा होता. अंगानं दणकट, मोठा बकरा खांद्यावर टाकून चालायचा आणि सगळ्या गोष्टींवर हसायचा. त्या दिवशी तो हसला नाही. संध्याकाळी आपल्या वाटणीचं पाणी त्यानं माझ्यापुढं आणून ठेवलं आणि म्हणाला, "म्या ताक प्यालोय. मला नगं."

माझी पोलकी ढिली झाली. लघवीला बसायचे त्या न्हाणीच्या दगडाला मुंग्या लागायला लागल्या. आमचे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यांनी बाहेरचं काहीतरी लागलंय असं ठरवलं. बिरोबाचा भंडारा कपाळाला लावून झाला. मग उलट्या सुरू झाल्या. पडून राहिले तरी डोंगर चढून आल्यासारखी धाप लागायची. त्या दिवशी टँकर रिकामा होऊन परत निघाला होता. बिरू रस्त्यात आडवा उभा राहिला आणि त्यानं तो थांबवला. ड्रायव्हरशेजारी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला मांडीवर घेतलं. जतची पहिली घरं दिसलेली मला आठवतात. त्यापुढचं काही आठवत नाही.

मोसंबी

शुद्धीवर आले ती सांगलीच्या एका दवाखान्यात. हाताला नळी होती आणि आप्पा पायाशी उकिडवे बसले होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. वॉर्डात लोक त्यांच्याकडं वळून वळून बघत होते.

तिथले डॉक्टर गोरे मुंबईहून शिकून आलेले होते. वयानं तरुण, बोलणं सावकाश. त्यांनी आप्पांना माझ्यासमोरच सांगितलं, "तुमच्या मुलीला मधुमेह आहे."

"आवं, ती गोड खानाऱ्यांची दुकनी," आप्पा म्हणाले. "आमच्या घरात गूळ बी सनालाच येतोया."

"गोड खाऊन हा होत नाही. पोटात जठराच्या मागं एक ग्रंथी असते. तिच्यातल्या काही पेशी इन्सुलिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्याच्याशिवाय खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. हिच्या त्या पेशी मेल्यात असं दिसतंय. इन्सुलिन बाहेरून टोचावं लागेल."

"किती दिस?"

"रोज. कायमचं."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "पोरगी हाय ओ ती." त्या एका वाक्यात माझं लग्न, माझं सासर, सगळं आलं होतं. मला ते समजलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं.

पुढचे दिवस मी त्या वॉर्डात काढले. सकाळी सगळ्यात आधी लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर जास्त, आणि विटकरी झाला की फारच. माझा रोज विटकरी यायचा. शेजारच्या खाटांवरच्या बायका मान लांब करून विचारायच्या, "आज कंचा गं?" मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं.

सुई कशी टोचायची ते सिस्टरनी मला मोसंब्यावर शिकवलं. काचेची सिरिंज, जाडी सुई, दोन्ही उकळून घ्यायची. मोसंब्यात सुई सहज गेली. मांडीवर धरली तेव्हा माझा हात पुढं जाईना. सिस्टर म्हणाल्या, "घाबरत घाबरत टोचलीस तर दुप्पट दुखेल. एकदम घाल." मी डोळे मिटून एकदम घातली. नंतर खूप रडले. दुखलं म्हणून नाही. हेच उद्या, हेच परवा, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बिरू भाकरी घेऊन आला

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी भावंडं किती?" एकच, बिरू. तो त्याच आठवड्यात आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, "तुझीही लघवी तपासू." बिरू हसत हसत गेला आणि नळी घेऊन हसतच परत आला. सिस्टरनी ती दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्यात पिवळा उतरला.

सिस्टरनी दुसरी नळी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग रक्त तपासलं आणि शंका राहिली नाही.

"मला तर कायच हुईत न्हाई," बिरू म्हणाला.

"अजून होत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यालाही सुई सुरू झाली. माझ्यापेक्षा बरीच कमी. आम्ही दोघं घरी गेलो तेव्हा आई उंबऱ्यातच बसली. घरात एका चुलीवर दोन सिरिंजा उकळायच्या, हे तिनं त्या दिवसापासून बघितलं. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही माठाखालच्या वाळूत ठेवायचो.

रक्ताच्या नळ्या

पावसाळ्यात माझं कॉलेज सुरू झालं. डॉक्टरांनी बिरूलाही सांगलीला बोलावून घेतलं आणि आप्पांसह आम्हा तिघांना समोर बसवलं.

"एक नवी तपासणी आहे," ते म्हणाले. "तुमच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन अजून बनतंय का, आणि बनत असेल तर किती, हे मोजता येतं. इथं सोय नाही. मुंबईत माझे एक मित्र त्यावर काम करतात. ते करून द्यायला तयार आहेत."

मी विचारलं, "पण आम्ही रोज टोचतोच की. रक्तात ते सापडणारच."

"म्हणूनच अडचण होती. आप्पा, तुमच्या विहिरीत टँकर पाणी ओततो. मग विहिरीत झऱ्याचं पाणी किती, हे तुम्ही कसं सांगाल?"

"न्हाई सांगता यायचं. येकच पानी."

"बरोबर. पण शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक तुकडा सुटतो. त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. तो तुकडा मोजला की तुमचं स्वतःचं किती, ते कळतं."

आप्पांनी विचारलं, "आन् असलं तर सुई बंद?"

"नाही. असलं तर सुई थोडी कमी लागेल आणि साखर फार खालीवर होणार नाही. बंद नाही."

हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी तिथं होते म्हणून लिहिते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून आम्ही उपाशी होतो. सकाळची सुईही दिली नाही. खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी. आधी उपाशीपोटी रक्त काढलं, मग पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज भांडंभर प्यायला दिलं. ते इतकं गोड होतं की घशातून उतरेना. त्यानंतर थांबून थांबून पुन्हा पुन्हा रक्त. माझ्या शिरा बारीक, सुई दोनदोनदा घालावी लागायची.

बिरू छताकडं बघत म्हणाला, "आक्का, मेंढरं कातरतो तवा ती कशी गप पडत्यात, आता कळलं बघ मला."

मी हसले. पण दुपारपर्यंत माझं हसू गेलं. सुई नव्हती आणि वर ते ग्लुकोज. जीभ टाळूला चिकटली, मळमळायला लागलं, ती जुनी तहान पुन्हा आली. मी मान वळवून बिरूकडं पाहिलं. तो आरामात पडून पायाचा अंगठा हलवत होता. त्याच्या रक्ताचा निकाल मुंबईहून यायचा होता, पण कुणामध्ये काय आहे ते मला त्या खाटेवर पडल्या पडल्याच कळलं होतं.

शेवटची नळी भरल्यावर डॉक्टरांनी लगेच मला सुई दिली आणि माझं मनगट धरून उभे राहिले. मग बर्फ घातलेल्या डब्यात नळ्या ठेवून स्वतः स्टेशनवर गेले. बर्फ मुंबईपर्यंत टिकेल की नाही, याची त्यांना आमच्यापेक्षा जास्त काळजी होती.

थोडं

निकाल यायला बरेच आठवडे लागले. डॉक्टरांनी पुन्हा आम्हा तिघांना बोलावलं. आप्पा खुर्चीवर बसायला तयार नव्हते, ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"सुलोचना," डॉक्टर म्हणाले, "तुझ्या रक्तात तो तुकडा सापडला नाही. उपाशीपोटी नाही आणि ग्लुकोजनंतरही नाही. तुझ्यात जे आहे ते सगळं सुईतलं."

मी मान हलवली.

"बिरू, तुझ्यात आहे. निरोगी माणसाच्या मानानं थोडं, पण आहे. ग्लुकोज दिल्यावर ते वाढलंसुद्धा."

"म्हंजे माज्यात हाय?"

"आत्ता आहे. आजार आपण अगदी सुरुवातीला पकडला म्हणून. पण हे टिकणारं नाही. वर्षभर राहील, कदाचित त्याच्याही आत जाईल. कधी संपेल ते मला सांगता येणार नाही. म्हणून सुई सोडायची नाही. कळलं?"

"व्हय," बिरू म्हणाला. पण त्याचं लक्ष आप्पांकडं होतं. "आप्पा, ऐकलंसा न्हवं? माज्यात हाय!"

आप्पांनी दोन्ही हात जोडले. डॉक्टरांना जोडले की बिरोबाला, कोण जाणे.

दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर ते दोघं बोलत होते. मी बाजूला उभी होते. मला भावाचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण त्याच्याखाली एक कडू काहीतरी होतं. एकाच आईच्या पोटचे आम्ही. त्याच्यात ठेवलं आणि माझ्यात काहीच का ठेवलं नाही? मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंतही गेले नाही.

डॉक्टर 'थोडं आहे' म्हणाले होते. जतच्या स्टँडवर ओळखीचं माणूस भेटलं तेव्हा आप्पा म्हणाले, बिरूच्यात हाय. वस्तीवर पोचेपर्यंत त्याचं 'बिरूचं बरं हाय' झालं. मी पुढच्या सुट्टीला घरी गेले तेव्हा शेजारीण मला म्हणाली, "बिरू बरा झाला म्हनं. तुजंच ऱ्हायलं."

निळा रंग

आणि खरंच तसं दिसत होतं. बिरूची नळी रोज निळी यायची. सुई घेतली की त्याला उलट घाम फुटायचा, हातपाय कापायचे, म्हणून तो कनवटीला गुळाचा खडा बांधून मेंढरांमागं जायचा. डॉक्टरांनी त्याची मात्रा आणखी उतरवली. अगदी थोडी ठेवली, पण ठेवली.

दिवाळी झाली की आमची मेंढरं पश्चिमेला जातात. कऱ्हाड, सातारा, खंडाळा असं शेताशेतांतून रात्री बसत. लेंड्यांच्या खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतात. त्या वर्षी आप्पा आणि बिरू निघणार होते. निघायच्या सकाळी बिरूनं सुई घेतली नाही, हे मी पाहिलं.

"का रं?"

"निळं येतंय, आक्का. रोज निळं. मंग कशापायी टोचू?"

"डॉक्टरांनी सोडू नको म्हणून सांगितलंय."

"त्ये तुला. तुज्यात न्हाई." तो हे वाईट मनानं म्हणाला नाही. त्याला ते सरळ, खरं वाटत होतं. "माज्यात हाय."

नाना तिथंच बसले होते. ते म्हणाले, "भाईरनं घातलं की आतलं आळशी हुतंय. मानसाचं बी तसंच न्हाई व्हय? आयतं मिळालं की हात हालवत न्हाई." आईनं मान डोलावली. आप्पा घोड्यावर ओझं बांधत होते. ते मध्ये पडले नाहीत. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. दोघांतलं एक तरी सुटलं, असं ते समाधान.

मी भांडले. डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य म्हणून दाखवलं. शेवटी बिरू कंटाळून म्हणाला, "बरं, दे हिकडं." मी नवी बाटली ओल्या फडक्यात बांधली, सिरिंज डब्यात घातली आणि दोन्ही त्याच्या पिशवीत ठेवलं. घोड्याच्या पाठीवर, उन्हात, ती बाटली किती दिवस चांगली राहणार होती ते मला माहीत होतं. तरी दिली.

हिवाळाभर निरोप चांगले येत राहिले. तिकडून येणारा प्रत्येक जण सांगायचा, बिरू झकास हाय, दोन मानसांचं काम करतोय.

सातारा

उन्हं तापायला लागली होती. एके दिवशी वर्ग चालू असताना मोठ्या बाईंनी मला बोलावलं. साताऱ्याहून दवाखान्याचा फोन आला होता. तुझा भाऊ आजारी आहे, वडिलांनी तुला बोलावलंय. मी आहे त्या साडीवर निघाले. माझी बाटली आणि सिरिंज तेवढी घेतली.

एसटी कऱ्हाडपर्यंत उसानं भरलेल्या बैलगाड्यांमागं रखडत होती. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. ताप असेल. पाय मोडला असेल. काहीही असेल, ते एक नसू दे.

आप्पा दवाखान्याच्या फाटकात उभे होते. मला बघून फक्त "ये" म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

खाटेजवळ जाण्याआधीच मला वास आला. पिकून नासायला लागलेल्या फळासारखा. शुद्ध हरपली त्या दिवशी माझ्या तोंडालाही तसाच वास होता, असं सिस्टरनी मला नंतर सांगितलं होतं. बिरू खोल खोल श्वास घेत होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डोळे आत गेले होते. त्या अंगात बकरा उचलण्याचं बळ होतं, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

तिथले डॉक्टर धडपडत होते. इन्सुलिन चालू केलं होतं, सलाईन होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "आमच्याकडं आला तेव्हाच फार उशीर झाला होता. आम्ही लघवी तपासली तेव्हा कळलं. तुमचे वडील मधुमेह आहे असं बोललेच नाहीत."

आप्पांनी मला नंतर सगळं सांगितलं. खंडाळ्याजवळ मेंढरं बसली होती. बिरूला ताप आला. त्याच्या आधीपासूनच तो पाणी फार पीत होता, पण उन्हाळा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. उलट्या सुरू झाल्यावर आप्पांनी त्याला गावातल्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, याला आधीचा काही आजार?

"म्या न्हाई म्हणलो," आप्पा म्हणाले. "व्हता, पर गेला न्हवं. गेलेला आजार कशाला सांगायचा?"

अशक्तपणा आहे म्हणून त्या डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी बिरू माणसं ओळखेनासा झाला, तेव्हा उसाच्या ट्रकमधून त्याला साताऱ्याला आणला. पिशवीत बाटली तशीच होती. तिचं वरचं झाकणही काढलेलं नव्हतं.

मी त्याच्याजवळ बसून होते. दुपारी एकदा त्यानं डोळे उघडले आणि मला ओळखलं.

"आक्का."

"काय रं?"

"माज्यात हाय न्हवं?"

मी हाय म्हणाले.

"मंग ह्ये का असं हुतंय?"

"ताप आलाय म्हणून. उतरला की बरं वाटंल."

त्यानं मान हलवली, जणू तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. मग पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी, ऊन कलायच्या आत, तो गेला. आप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली. दवाखान्याची चादर त्यांना पुरेशी वाटली नाही. खाली, त्या परक्या गावात, मी पायरीवर बसून स्वतःची सुई घेतली. जेवले नव्हते तरी घेतली, निम्मी. मला फार भीती वाटत होती.

डॉक्टर आले

वस्तीवर लोक म्हणत होते, सुईनं मेला. इतके महिने घेतली नव्हती हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. नाना म्हणाले, एकदा टोचलं ते अंगात राहिलं आणि त्यानंच घात केला. आई दिवसभर काही बोलायची नाही. आणि एक दिवस बोलली ती हे.

"तुजी बी बंद कर, बाई. मला आता दुसरं मढं बघवायचं न्हाई."

"आई, बंद केली तरच बघावं लागेल."

"त्याला बी तू असंच सांगत हुतीस."

मी त्याला बरोबर तेच सांगत होते. माझी सिरिंज चुलीजवळून नाहीशी झाली. शोधली तर धान्याच्या कणगीमागं सापडली. दोन दिवसांनी पुन्हा नाहीशी झाली. तेव्हा मी सांगलीला डॉक्टरांना कळवलं, बिरूचं आणि घरातलंही.

मला उत्तराची अपेक्षा होती. ते स्वतःच आले. जतपर्यंत एसटीनं आणि पुढं उन्हातून चालत. बूट धुळीनं पांढरे झालेले. आईनं घोंगडं अंथरलं आणि ती आत गेली. मी दाराच्या आड उभी राहिले. नानाही येऊन बसले.

आप्पांनी पाणी दिलं. डॉक्टर ते प्यायले, मग आप्पांनी विचारलं, "माज्या ल्योकाच्यात हाय म्हणला व्हता तुमी. ते कुटं गेलं?"

"संपलं, आप्पा."

"असं कसं संपंल? मोजलं व्हतं तुमी."

"मोजलं ते त्या दिवशीचं होतं. आजार त्यानंतरही आत चालूच होता. ज्या पेशी उरल्या होत्या त्या एकेक करून मरत होत्या. तापात उरल्यासुरल्या कमी पडल्या." डॉक्टर थांबले. "मी त्याला सुई सोडू नको म्हणालो होतो. पण आधी 'आहे' म्हणालो. तो शब्द आधी उच्चारायला नको होता."

नाना म्हणाले, "मंग मोजून उपेग काय?"

"त्याच्या बाबतीत झाला नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

बाहेर कुत्रं अंग खाजवत होतं. आप्पा जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"आन् पोरीच्यात?"

"तिच्यात तेव्हाही नव्हतं. आताही नाही."

"थोडं बी?"

"अजिबात नाही. पुढंही येणार नाही. एक दिवस सुई चुकली तर ती आजारी पडेल. चार दिवस चुकली तर बिरूसारखं होईल."

दाराआडून मी आप्पांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, आता हे कोसळणार. एक गेला आणि दुसरीत काही नाही, असं कुणी तोंडावर सांगितल्यावर बाप दुसरं काय करणार? पण ते उठले. आत आले, माझ्याजवळून पुढं गेले आणि आईसमोर हात पसरून उभे राहिले. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पदराआडून सिरिंजचा डबा काढून त्यांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो माझ्याकडं दिला आणि बाहेर जाऊन पुन्हा डॉक्टरांसमोर बसले.

"मंग ही जगंल," ते म्हणाले. "हिला कोन बरी झाली म्हननार न्हाई."